मूडलवर ए-बी-सी सेक्शन: एकच कोर्स ठेवायचा का तीन वेगळे?

संत्रानगरी_सर
नमस्कार मंडळी. हिंगणा रोडकडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात फर्स्ट इयरला गणित शिकवतो. यंदा एलएमएसचं (कोर्स, असाइनमेंट, मार्क ऑनलाइन सांभाळणारं सॉफ्टवेअर) कोऑर्डिनेटरपद गळ्यात पडलं आहे. आमचं एलएमएस म्हणजे मूडल, आपल्याच सर्व्हरवर.

परिस्थिती अशी. सेक्शन तीन, प्रत्येकी ७० च्या आसपास पोरं. शिकवणारे तिघं. सिलॅबस एक, सेशनलचा (सेमच्या मधल्या परीक्षेचा) पेपर एक, पण टाइमटेबल वेगळं आणि ट्युटोरियलला प्रत्येक सेक्शनच्या परत तीन-तीन बॅच. आजवर ज्यानं त्यानं आपापला कोर्स उघडला, त्यामुळे सर्चमध्ये मॅथ्स वन टाकलं की मॅथ्स वन, मॅथ्स वन न्यू, मॅथ्स वन न्यू सेक्शन बी आणि एक नुसता टेस्ट टेस्ट एवढे सगळे निघतात आणि पोरं भलतीकडेच असाइनमेंट टाकून मोकळी होतात. वर म्हणतात सर आम्ही तर टाकली होती.

माझं मत: कोर्स एकच, आत ए, बी, सी असे ग्रुप. दोघं सहकारी म्हणतात तीन वेगळे करा, आपापलं आपण पाहू. क्लासेस लागायच्या आधी ठरवायचं आहे. ज्यांनी प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी लिहा. व्हिडिओ नका सुचवू, ते खूप पाहिले.

तर्री_जास्त
पहिला! पोहे संपवून वाचतो.

मीनल_वाडी
मी तुमच्या त्या दोन सहकाऱ्यांच्या बाजूची. वेगळेच ठेवा. एका कोर्सात तीन मास्तर म्हणजे एका स्वयंपाकघरात तीन सुना, कोणी काय कुठे ठेवलं सापडत नाही आणि मीठ दोनदा पडतं. आमच्याकडे हा प्रयोग झाला आहे. एका मॅडमनी युनिट दोनच्या पीडीएफ त्यांना जुन्या वाटल्या म्हणून उडवल्या, त्या माझ्या होत्या, माझ्या सेक्शनचा क्लास दुसऱ्या दिवशी होता. मी विचारलं तर म्हणाल्या अगं मला वाटलं डुप्लिकेट आहे.

आणि प्रत्येक सेक्शनचा वेग वेगळा असतो हो. माझा सेक्शन दुपारी जेवणानंतरचा, अर्धे पेंगतात, मी युनिट एकमध्येच असते तोवर ए सेक्शनवाले इंटिग्रेशन संपवून बसलेले असतात. एकच कोर्स असला की माझी पोरं ते पाहून घाबरतात, मॅम आपलं राहिलं का.

सर्व्हरवाला_बंड्या
सर, तुमचं बरोबर आहे, पण नुसते ग्रुप बनवून होत नाही. मी एका संस्थेची तीन कॉलेजं सांभाळतो, सगळीकडे मूडल. नीट लिहितो.

कोर्स सेटिंगमध्ये ग्रुप मोड असतो, त्यात तीन पर्याय: नो ग्रुप्स, सेपरेट ग्रुप्स, व्हिजिबल ग्रुप्स. सेपरेट लावला की ए च्या पोराला बी ची चर्चा दिसत नाही, व्हिजिबल लावला की दिसते पण त्यात भाग घेता येत नाही. तुम्हाला सेपरेट पाहिजे. खाली फोर्स ग्रुप मोड आहे तो यस करा, नाही तर प्रत्येक अॅक्टिव्हिटीला आठवणीनं लावत बसावं लागतं आणि तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी विसरतंच.

आता मीनल मॅडमची पीडीएफ. तो प्रश्न ग्रुपचा नाही, रोलचा (कोणाला काय करायचा हक्क) आहे. मूडलमध्ये टीचर वेगळा आणि नॉन-एडिटिंग टीचर वेगळा. नॉन-एडिटिंगवाला तपासू शकतो, मार्क देऊ शकतो, पण काही उडवू शकत नाही. शिवाय सेपरेट ग्रुप असताना त्याला फक्त स्वतःच्या ग्रुपची सबमिशन दिसतात (त्याला त्या ग्रुपात मेंबर म्हणून टाकायला विसरू नका, नाही तर त्याला काहीच दिसत नाही आणि तो तुम्हाला रात्री फोन करतो). पूर्ण टीचर रोल असलेल्याला मात्र सगळे ग्रुप दिसतात, तो वरच्या ड्रॉपडाउनमधून आपला निवडतो.

म्हणजे कोऑर्डिनेटर एक पूर्ण टीचर, बाकी दोघं नॉन-एडिटिंग. झाली भांडणं बंद.

मीनल_वाडी
@बंड्या वा! म्हणजे मला माझ्याच विषयात साधी नोट टाकायची असेल तर कोऑर्डिनेटरला अर्ज करायचा? बारा वर्षं शिकवते आहे मी. भांडण बंद नाही झालं, माझं तोंड बंद झालं.

संत्रानगरी_सर
@मीनल मॅडम, अगदी हेच वाक्य माझ्या सहकाऱ्यानं वापरलं. शब्दशः.

सर्व्हरवाला_बंड्या
मॅडम राग नका मानू, मी सर्व्हरच्या बाजूनं बोलून राहिलो. मधला रस्ता आहे. तिघांनाही पूर्ण टीचर ठेवा, आणि कोर्समध्ये युनिटवार भागांच्या खाली प्रत्येक सेक्शनसाठी एकेक भाग वेगळा ठेवा: सेक्शन ए नोटीस व जादा सराव, तसंच बी, तसंच सी. त्या भागाला रिस्ट्रिक्ट अॅक्सेसमध्ये ग्रुपची अट लावा आणि त्या अटीशेजारचा डोळा बंद करा. डोळा उघडा राहिला तर बाकीच्यांना तो भाग करड्या रंगात दिसतो, खाली लिहिलेलं येतं की तुम्ही सेक्शन बी मध्ये असाल तरच, आणि मग पोरं विचारतात आम्हाला काहून नाही. बंद केला की दिसतच नाही.

युनिटचं सामायिक सामान कोऑर्डिनेटर पाहील, आपल्या भागात ज्याची त्याची मर्जी. एक लक्षात घ्या, ग्रुप मोड असाइनमेंट, क्विझ, फोरम यांना लागतो. फाईलला, पेजला लागत नाही. फाईल कोणाला दाखवायची ते रिस्ट्रिक्ट अॅक्सेसनंच ठरतं. हे न कळल्यामुळे अर्धी कॉलेजं म्हणतात मूडलचे ग्रुप चालत नाहीत.

तर्री_जास्त
वाचलं. काही कळलं नाही. पण मीनल मॅडमच्या बाजूनं माझं मत.

काटोलचे_मास्तर
मी शाळेतून निवृत्त. आमच्या वेळी फळा, खडू आणि हजेरीपुस्तक. पण तुकड्यांवर दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो, आयुष्य त्यातच गेलं.

अ तुकडीत हुशार, ड तुकडीत उरलेले, अशी वाटणी आमच्याकडेही होती. ड च्या पोरांना ते पहिल्याच दिवशी कळायचं, कोणी सांगावं लागायचं नाही. तुमच्या त्या कॉम्प्युटरवर एकाच ठिकाणी तिन्ही तुकड्यांचं दिसणार असेल तर पोरं तुलना करणारच. ते वाईटच असतं असं नाही. एका वर्षी मी अ तुकडीला दिलेला सराव पेपर ड ला पण दिला, कोणाला न विचारता. हेडमास्तर म्हणाले त्यांना झेपणार नाही. चौघांना चांगला झेपला. मुद्दा काय, की वेगळं ठेवलं की ड च्या वाट्याला कमी येतं, आणि कमी येतंय हे कोणाच्या लक्षातही येत नाही. तीन वेगळे कोर्स केले तर एका कोर्सात वीस सरावपत्रं असतील आणि एकात चार. पाहून घ्या.

संत्रानगरी_सर
मास्तर, नमस्कार. हा मुद्दा मला सुचलाच नव्हता आणि खरा आहे. मागच्या सेमचे तिन्ही कोर्स आत्ता उघडून पाहिले. ए मध्ये सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांचं आख्खं फोल्डर. सी मध्ये सिलॅबसची एक पीडीएफ आणि वेलकमचा मेसेज. पोरं त्याच सेशनलला बसली.

मीनल_वाडी
हं. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण सी वाल्यांनी टाकलं नाही तो दोष कोर्सचा नाही, माणसाचा.

रुचा_कामठी
आम्ही शाळेत गूगल क्लासरूम वापरतो, आठवीच्या चार तुकड्या. तिथे हा प्रश्नच येत नाही कारण आत ग्रुप वगैरे पाडायची तशी सोय आमच्याकडे नाही, प्रत्येक तुकडीचा क्लास वेगळाच. असाइनमेंट बनवताना वर क्लासची यादी येते, त्यात चारही टिक केल्या की चारही ठिकाणी जाते. इथवर छान. नंतर तारीख बदलायची म्हटली की प्रत्येक क्लासमध्ये जाऊन बदलावी लागते, कारण ती एकदा गेली की चार वेगळ्या असाइनमेंट झाल्या. शिवाय ठराविक मुलांनाच द्यायची असेल तर एकाच क्लासमध्ये देता येते, तेव्हा अनेक क्लास निवडता येत नाहीत.

आत मांडणीला टॉपिक असतात. आम्ही धड्यांचे टॉपिक केले, एका बाईंनी सोमवार, मंगळवार असे केले. दिवाळीपर्यंत सोमवारमध्ये एवढं साठलं की काही विचारू नका.

अजून एक, शाळेच्या अकाउंटवरून क्लास बनवा, स्वतःच्या जीमेलवरून नको. साध्या जीमेलच्या क्लासला २५० माणसांची मर्यादा आहे, शाळेच्याला १०००. आणि बाई नोकरी सोडून गेल्या की त्यांचा क्लास त्यांच्याच मालकीचा राहतो. जायच्या आधी दुसऱ्या शिक्षकाच्या नावावर मालकी करून घ्यायची, ते बटण आहे.

थर्डइयर_पोट्टा
राजेहो, पोट्ट्यायचं कोणी इचारून रायलं का? मी सांगतो.

आमाले एक कोर्स का तीन कोर्स काही घेणंदेणं नाई. आमाले परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाईलवर नोट्स सापडल्या पायजे. बस. मले आजपर्यंत भेटलेल्या फायलीयची नावं सांगतो: स्कॅन००१, न्यू डॉक्युमेंट, युनिट ३ फायनल, युनिट ३ फायनल करेक्टेड, इंपॉर्टंट. इंपॉर्टंटमंदी काय होतं माहीत आहे का, वर्षभराच्या सुट्ट्यायची यादी.

अन् एका सरनं तर आख्खा कोर्स एकाच लांब पानावर ठेवला होता, अंगठा दुखे खाली जाता जाता. युनिट पाचची नोट पायजे तर पयले चार युनिट, बत्तीस फायली अन् तीन वेलकम मेसेज ओलांडून जा.

नोटिफिकेशनचं तं बोलूच नका. ए सेक्शनचा क्लास रद्द झाला तं मेल मले. मी सी चा. एकदा झोपूनच रायलो, अन् आमचा क्लास होता.

तर्री_जास्त
@पोट्टा इंपॉर्टंटमध्ये सुट्ट्यांची यादी हे नाव बरोबरच आहे ना बे.

थर्डइयर_पोट्टा
हे पण खरं हाय भाऊ 😂

सर्व्हरवाला_बंड्या
पोट्ट्याचं लांब पानाचं दुखणं एका सेटिंगचं आहे. कोर्स लेआउटमध्ये शो वन सेक्शन पर पेज करा. २०२२ मध्ये मूडल ४.० आलं तेव्हापासून डावीकडे कोर्स इंडेक्स मिळतो, तिथून उडी मारता येते. आणि ४.५ पासून भागाच्या आत उपभाग टाकता येतात, म्हणजे युनिट ३ च्या आत नोट्स, ट्युटोरियल, जुने पेपर असं. सर तुमचं व्हर्जन कोणतं?

क्लास रद्दच्या मेलचं: अनाउन्समेंट फोरममध्ये टाकताना ऑल पार्टिसिपंट्स निवडलं होतं, ग्रुप नाही. तिथे ग्रुप निवडायचा. उलट बाजू पण सांगतो, चर्चेच्या फोरममध्ये सेपरेट ग्रुप असताना सरांनी प्रश्न ऑल पार्टिसिपंट्सला टाकला तर पोरांना वाचता येतो, उत्तर देता येत नाही. मग सर म्हणतात एकही पोरगं बोलत नाही.

संत्रानगरी_सर
३.९ आहे. हसू नका.

सर्व्हरवाला_बंड्या
हसत नाही. रडतो. ते २०२० चं आहे सर, त्याचे सिक्युरिटी अपडेटही केव्हाच बंद झाले. आधी तेवढं करून घ्या मग सेक्शन पाडा.

धंतोलीची_स्नेहा
एक विचारते, आठवड्यांप्रमाणे मांडणी कोणी करतं का? मूडलमध्ये वीकली फॉरमॅट आहे, सुरुवातीची तारीख दिली की भागांना आपोआप तारखा पडतात. मला आवडला म्हणून मागच्या वर्षी लावला, दिसायला फार व्यवस्थित दिसतो.

मीनल_वाडी
@स्नेहा दिसतो. पण तीन सेक्शनला एकत्र चालत नाही ना. पोळा आला, दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक आली, त्या आठवड्यात कोणाचे दोन तास बुडतात, कोणाचा एकही नाही. तारीख मात्र पुढे सरकते. ऑगस्टच्या शेवटी वरती लिहिलेलं असतं आठवडा सात आणि माझा वर्ग पाचव्याचं करत असतो. युनिटवार ठेवलं की कोण कुठे आहे त्यानं फरक पडत नाही. (हे मी एका कोर्सच्या बाजूनं बोलले का? नाही. तीन कोर्स असले तरी युनिटवारच ठेवा.)

तर्री_जास्त
ईडा पीडा, मॅथ्स वन न्यू, मॅथ्स वन न्यू फायनल, घेऊन जा गे मारबत!

थर्डइयर_पोट्टा
अन् मारबतीसंगच्या बडग्याच्या पुतळ्याच्या गळ्यात पाटी, टेस्ट टेस्ट 😂😂

काटोलचे_मास्तर
लहानपणी इतवारीत पिवळी मारबत पाहायला यायचो वडिलांसोबत. गर्दीत चप्पल गेली होती. असो, चालू द्या.

प्रवेश_खिडकी
मी शिक्षक नाही, कॉलेजच्या ऑफिसात आहे, अॅडमिशनचं टेबल. तुमच्या चर्चेत एक गोष्ट कोणीच धरली नाही. तुम्ही समजून राहिले की ए म्हणजे ए आणि तो सेमभर ए राहते. कॅपचे (केंद्रीय प्रवेशाचे) राउंड चालू असतात तोवर कोणतंच पोरगं पक्कं नसतं. आज आमच्याकडे आहे, पुढच्या राउंडला बेटरमेंटमध्ये (आणखी चांगली जागा मिळाली म्हणून) दुसरीकडे गेलं. त्याच्या जागी नवीन आलं. मग ब्रांच बदलली म्हणून सेक्शन बदलला. मग कोणाचे पप्पा साहेबांना भेटले. यादी आम्ही दर दोन दिवसांनी बदलून पाठवतो आणि एलएमएसवाले म्हणतात मागची फायनल होती ना. आमची यादी कधीच फायनल नसते साहेब, कटऑफची तारीख जाईपर्यंत.

रोल नंबर तर त्याच्याही नंतर पडतात. ज्यांनी रोल नंबरवर लॉगिन बनवले त्यांचं काय होते ते मी दरवर्षी पाहतो.

सर्व्हरवाला_बंड्या
@प्रवेश_खिडकी साहेब तुम्हाला सलाम, हा खरा मुद्दा. मीनल मॅडम, आता बघा. तीन वेगळे कोर्स आहेत, पोरगं ए मधून बी मध्ये गेलं. ए मध्ये त्यानं दोन असाइनमेंट दिल्या, एक क्विझ दिली, मार्क मिळाले. ते सगळं ए च्या कोर्सातच राहणार. बी च्या कोर्सात तो कोरा. मार्क हातानं उतरवायचे, आणि ते कोणी करत नाही, सेमच्या शेवटी पोरगं कागद घेऊन फिरते. एका कोर्सात फक्त त्याचा ग्रुप बदलतो. सबमिशन तिथेच, मार्क तिथेच.

हे हातानं पण करू नका. साइटच्या पातळीवर कोहॉर्ट (सगळ्या कोर्सांना लागणारी पोरांची यादी) बनवा, प्रत्येक सेक्शनचा एक. मग गणित, फिजिक्स, ग्राफिक्स, सगळ्या कोर्सात एनरोलमेंटमध्ये कोहॉर्ट सिंक जोडा, तिथेच अॅड टू ग्रुप असतं. ऑफिसची यादी आली की फक्त कोहॉर्ट बदलायचा, सगळ्या विषयात आपोआप बदलतं. पोरगं हलवताना क्रम पाळा: आधी बी च्या कोहॉर्टमध्ये टाका, मग ए मधून काढा. उलट केलं तर मधल्या वेळात तो कोर्सातूनच बाहेर पडतो आणि त्याचे मार्क परत आणायची वेगळी कसरत. आणि कोहॉर्टमधून आलेलं पोरगं ग्रुपच्या पानावरून काढता येत नाही, तिथे कितीही क्लिक करा. कोहॉर्टमधूनच काढायचं.

लॉगिन रोल नंबरवर नको, जो नंबर पदवीपर्यंत बदलत नाही त्यावर. यादी सीएसव्हीनं चढवता येते, युजरनेमचे इंग्रजी अक्षर स्मॉल, आणि नावं देवनागरीत असतील तर एक्सेलमधून सीएसव्ही यूटीएफ-८ म्हणूनच सेव्ह करा, नाही तर आख्खी यादी प्रश्नचिन्हांची.

मीनल_वाडी
ठीक आहे. मार्कांचं पटलं. मागच्या वर्षी एका मुलीचं अगदी हेच झालं होतं आणि तिचा इंटर्नलचा एक रकाना दिवाळीपर्यंत रिकामा होता.

पण मग माझी एक अट. क्विझ. ए चा क्लास सकाळी, माझा दुपारी. एकाच कोर्सात एकच क्विझ असेल तर सकाळी दिलेली दुपारपर्यंत कँटीनमध्ये पोचते. तर्री पोह्यासोबत.

तर्री_जास्त
मला बोलावलं?

धंतोलीची_स्नेहा
@मीनल क्विझला ग्रुप ओव्हरराइड असतात ना, प्रत्येक ग्रुपला उघडायची नि बंद व्हायची वेळ वेगळी देता येते, असाइनमेंटच्या तारखेलाही. पेपर फुटायचं म्हणाल तर प्रश्न थेट टाकू नका, क्वेश्चन बँकेत कॅटेगरी करा, युनिट दोन सोपे, युनिट दोन कठीण, आणि क्विझमध्ये त्यातून रँडम उचला. कॅटेगरीत प्रश्न भरपूर पाहिजेत, दहातून आठ उचलून रँडम होत नाही. तिघांनी मिळून भरले तर होतात. वेगळ्या कोर्सात तीच बँक तिघांना मिळून भरायला जमलं नसतं आमच्या व्हर्जनमध्ये.

नॅक_पाहिलेला_माणूस
एकच सांगतो. नॅकची, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणारी, समिती आली की प्राचार्य विचारतात एलएमएसवर किती कोर्स आहेत. तीन वेगळे केले की आकडा तिप्पट. आता कळलं का सगळीकडे वेगळे कोर्स काहून असतात?

संत्रानगरी_सर
@नॅक_पाहिलेला_माणूस हे मीटिंगमध्ये बोलू शकत नाही पण मीटिंगमध्ये सगळ्यांच्या मनात हेच असणार आहे.

विदर्भ_डिस्क_फुल
एकच कोर्स करा राव, तीन ठिकाणी तीच पीडीएफ चढवली की सर्व्हरची जागा तिप्पट जाते. आमची हार्डडिस्क अशीच भरली.

सर्व्हरवाला_बंड्या
@विदर्भ_डिस्क_फुल नाही भाऊ, हे चुकीचं कारण आहे. मूडल फाईल तिच्या मजकुरावरून काढलेल्या हॅशनं, म्हणजे एका सांकेतिक खुणेनं, साठवतं. तीच फाईल दहा कोर्सात चढवा, डिस्कवर एकदाच जाते. एक अक्षर बदललं की मात्र नवीन. तुमची डिस्क भरली असेल ती कोर्सच्या ऑटोमॅटिक बॅकअपनी, ते किती ठेवायचे याची मर्यादा पहा. आणि पोरांनी वहीचे फोटो जसेच्या तसे चढवले असतील तर ते. कोर्समध्ये अपलोडची मर्यादा कमी ठेवा, पोरं आपोआप पीडीएफ करायला शिकतात.

विदर्भ_डिस्क_फुल
बॅकअपच निघाले. ६० जीबी. धन्यवाद बाप्पा.

संत्रानगरी_सर
बंड्याभाऊ, ट्युटोरियलच्या बॅचचं राहिलं. ए मध्ये ए१, ए२, ए३. पोरगं ए मध्ये पण आणि ए२ मध्ये पण. मी ट्रायलला दोन्ही ग्रुप बनवले तर फोरममध्ये त्याला दोन्ही ग्रुप दिसून राहिले, कुठे लिहायचं त्याला कळेना. असाइनमेंटच्या ड्रॉपडाउनमध्ये मला बारा ग्रुप.

सर्व्हरवाला_बंड्या
त्यासाठीच ग्रुपिंग आहे सर. ग्रुपिंग म्हणजे ग्रुपांचा गठ्ठा. एक गठ्ठा थिअरी: ए, बी, सी. दुसरा गठ्ठा ट्युट: ए१ ते सी३. थिअरीच्या असाइनमेंटला, फोरमला ग्रुप मोडखाली ग्रुपिंग थिअरी निवडा, ट्युटच्या असाइनमेंटला ट्युट. मग प्रत्येक ठिकाणी पोराचा एकच ग्रुप दिसतो आणि तुमच्या ड्रॉपडाउनमध्ये पण तेवढेच. कोर्स सेटिंगमध्ये डिफॉल्ट ग्रुपिंग थिअरी करून ठेवा.

एक खाच: असाइनमेंटच्या तारखेचे ओव्हरराइड ए ला पण दिले आणि ए२ ला पण, तर पोराला यादीत जो वर आहे तो लागतो. बाण असतात वरखाली करायला. शक्यतो एकाच गठ्ठ्यावर ओव्हरराइड द्या.

रुचा_कामठी
हे वाचून मला आमचं क्लासरूम एकदम आवडायला लागलं.

थर्डइयर_पोट्टा
मले बी.

काटोलचे_मास्तर
एक शंका. वही कोण तपासणार? म्हणजे ए ची वही ए चाच मास्तर तपासणार की कोणीही? आमच्याकडे सहामाहीला तुकड्यांच्या वह्या अदलाबदल करून तपासायचो. त्यानं मार्कांची उधळपट्टी थांबायची. तुमच्यात अशी सोय आहे का?

संत्रानगरी_सर
@मास्तर, आहे. तिघं एकाच कोर्सात पूर्ण टीचर असले की कोणीही कोणत्याही ग्रुपचं तपासू शकतो. तुमच्या प्रश्नामुळे मला वाटतं की आमचा वाद सेक्शनचा नव्हताच. पेपर एक आहे आणि मार्क एकाच तक्त्यात जाणार आहेत तर कोर्स एक. जिथे शिकवणाराच स्वतःचा पेपर काढतो, स्वतः तपासतो, तिथे वेगळा. आमच्या वर्कशॉपच्या विषयाला तसंच आहे, तिथे मी एक कोर्सचा आग्रह धरणार नाही.

मीनल_वाडी
असं मांडलं असतंत तर मी पहिल्याच पोस्टला हो म्हटलं असतं.

तर्री_जास्त
मग आम्हाला एवढं वाचायला काय मिळालं असतं.

संत्रानगरी_सर
मीटिंग झाली. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री एक कोर्स, तिघं पूर्ण टीचर, युनिटचे भाग सामायिक आणि कोणी काही उडवायचं असेल तर आधी लपवायचं (डोळ्याचं बटण), आठवडाभर कोणी ओरडलं नाही तर उडवायचं. ही शेवटची अट मीनल मॅडमच्या पीडीएफला अर्पण. वर्कशॉप आणि ग्राफिक्स वेगळे. कोर्सच्या नावात वर्ष, सेम, विषयाचा कोड, आणि न्यू, फायनल हे शब्द बंद. जुने कोर्स उडवले नाहीत, जुने वर्ष नावाची कॅटेगरी करून तिच्यात नेले आणि ती लपवली. अपग्रेडसाठी सर्व्हरवाल्यांनी रविवार मागितला आहे. केमिस्ट्रीचे सर अजून रागात आहेत.

आता नवीन दुखणं. राष्ट्रीय शिक्षण धोरणाचे ओपन इलेक्टिव्ह. सेकंड इयरची सगळ्या ब्रांचची पोरं त्यात मिसळून येतात, त्यांचा सेक्शन एकच नाही, आणि कोणी कोणता विषय घेतला ते ऑफिसला आठवड्यानं कळतं. तिथे कोहॉर्ट कशाचा करू?

सर्व्हरवाला_बंड्या
तिथे करूच नका. सेल्फ एनरोलमेंट चालू करा, एनरोलमेंट की (कोर्सात शिरायचा पासवर्ड) ठेवा, पहिल्या तासाला फळ्यावर लिहा. पोरं आपली आपण येतात. ग्रुप करायचे असतील तर ब्रांचवार ग्रुप बनवा आणि प्रत्येक ग्रुपला स्वतःची की द्या, सेटिंगमध्ये यूज ग्रुप एनरोलमेंट कीज यस. ज्यानं सिव्हिलची की टाकली तो थेट सिव्हिलच्या ग्रुपात. ऑफिसची यादी आली की तिच्याशी ताडून पाहा आणि एनरोलमेंट बंद करा. बंद करायला विसरू नका, नाही तर नोव्हेंबरमध्ये शेजारच्या कॉलेजचे पण येऊन बसतील.

प्रवेश_खिडकी
यादी आठवड्यानं नाही, दहा दिवसांनी धरा. दोन ब्रांचची अजून आलीच नाही.

थर्डइयर_पोट्टा
सर की फळ्यावर लिवा पण मोठी लिवा. मागच्या बाकावरून शून्य अन् ओ सारखेच दिसते.